अंगणातील माती, दारातील कुत्रे आणि मुलांचे हात

(तू बिश्वातनंतरच्या आठवड्यात सायंकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात एका सेवानिवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



गेल्या आठवड्यात आपण तू बिश्वात साजरा केला. सकाळी मुलांनी सिनेगॉगच्या मागच्या मोकळ्या जागेत रोपे लावली आणि दुपारी एलियाहू हानावीच्या नावाने मलिदा झाला. मी ताटाजवळच बसले होते. भिजवलेले पोहे, खोबरे, वेलची आणि वर रचलेली फळे असा तो थाट पाहून मला कोकणातील आमचे जुने घर आठवत होते. इतक्यात एक चार वर्षांचे बाळ धावत आले. त्याच्या नखांत काळी माती होती. त्याने त्याच हाताने खजूर उचलला, आणि त्याची आई ‘अरे, आधी हात धू’ असे म्हणेपर्यंत तो तोंडात गेलाही. सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण आज तुमच्यापुढे ठेवावे म्हणून मी ही वेळ मागून घेतली.

प्रथमच सांगते, मी डॉक्टर नव्हे. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली, तेथे काही वर्षे सेवा केली आणि या देशात आल्यावर निवृत्त होईपर्यंत रुग्णालयात काम केले. जे शिकले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगणार आहे. विषय असा की, आपण घरात पाळलेल्या कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांतील जंत माणसाच्या शरीरात कसे येतात, आल्यावर काय करतात आणि त्यांना दाराबाहेर कसे ठेवावे.

कुत्र्याचा अपराध नसतो तेव्हा

आरंभी मुक्या प्राण्यांना न्याय देऊ. मूल रात्री ढुंगण खाजवू लागले, शौचात दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत दिसले, की घरातील आजी म्हणते, ‘हे त्या कुत्र्याचे प्रताप.’ तसे नाही. हे सूत्रकृमी केवळ माणसाचे. ते एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे, बोटांतून, अंथरुणांतून जातात. कुत्र्याचा त्यात काडीचाही संबंध नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात हाही आपल्याकडील जुना समज आहे. साखरेतून जंत जन्माला येत नाहीत. झोपेत दात खाणे हेही जंतांचे खात्रीचे लक्षण नव्हे. आणि आपल्या आज्या देत असत ते वावडिंगाचे पाणी प्रेमाचे होते हे मला मान्य आहे, परंतु आज मी जे सांगणार आहे, त्यावर ते औषध नव्हे.

मग प्राण्यांकडून काय येते? नावे पुष्कळ आहेत. मी चारच सांगते आणि प्रत्येकाचा घड्याळाचा हिशेब सांगते. हा हिशेब ध्यानात राहिला, तर बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

पहिला जंत: पिल्लांच्या पोटातील गोलकृमी

याचे शास्त्रीय नाव टॉक्सोकारा. कुत्र्यात एक जात, मांजरात दुसरी. प्रौढ जंत शेवयांसारखा दिसतो आणि कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. ती विष्ठेतून बाहेर पडतात.

पुष्कळांना ठाऊक नसते ते असे की, कुत्रीच्या शरीरात या जंताच्या अळ्या निद्रिस्त पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लांपर्यंत पोहोचतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणून औषध न दिलेल्या आईची पिल्ले बहुधा जंत घेऊनच जन्मतात आणि तीन आठवड्यांची होता होता अंडी टाकू लागतात. मांजरीच्या पिल्लांना हा जंत गर्भात मिळत नाही, दुधातून मिळतो. सारांश, घरातील सर्वांत गोजिरवाणा, मुले ज्याला उराशी धरतात, तो जीवच जंतांचा सर्वांत मोठा कोठार असतो.

आता घड्याळ. ताज्या विष्ठेतील अंडे लगेच अपाय करीत नाही. मातीत त्याच्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा तयार झाले की ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जिवंत राहते. आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, कवच चिवट आणि चिकट. पाऊस विष्ठा धुऊन नेतो, जागा स्वच्छ दिसते, आणि अंडी मात्र तेथेच मातीत असतात. म्हणून हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याला कुरवाळून होत नाही. तो मातीतून आणि वाळूतून होतो.

मुलाने असे अंडे गिळले की आतड्यात अळी बाहेर पडते. माणूस हे तिचे घर नव्हे. ती वाट चुकलेल्या प्रवाशासारखी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि यकृत, फुप्फुसे, क्वचित मेंदू, क्वचित डोळा असे भटकत राहते. ती माणसात कधीही प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. काही मुलांना ताप, खोकला, दम्यासारखी घरघर होते, यकृताला सूज येते, रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढतात. आणि अळी डोळ्यात शिरली, तर बहुधा एकाच डोळ्याची दृष्टी जाते. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांपैकी २४ डोळ्यांत कृमीच्या अळ्या सापडल्या. त्यांपैकी अनेक डोळे कर्करोगाची गाठ समजून काढले गेले होते. दोन वर्षांनी पॉल बीव्हर यांनी दाखवले की आजारी मुलांच्या यकृतात सापडणाऱ्या अळ्या कुत्र्या-मांजरांच्या गोलकृमीच्या आहेत.

माझी स्वतःची चूक

आता जे सांगते, ते सांगायला मला बारा वर्षे लागली.

माझ्या मुलीने रस्त्यावरून एक पिल्लू घरी आणले. जेमतेम दीड महिन्याचे असेल. नातू पाच वर्षांचा. मुलीने मला विचारले, ‘आई, याला जंतांचे औषध द्यायचे का ग?’ आणि मी, एवढी वर्षे रुग्णालयात काढलेली बाई, म्हणाले, ‘थोडे मोठे होऊ दे. एवढ्याशा पोटाला औषध कशाला?’ आंघोळ घालायला सांगितली, पुढे वेळेवर रेबीजची लस टोचून घ्यायला सांगितली. बाकी सोडून दिले. पिल्लू अंगणात वाळूच्या ढिगावर घाण करी आणि नातू त्याच वाळूत किल्ले बांधी.

काही महिन्यांनी नातवाचे पोट दुखू लागले. मी शौचाची तपासणी करवून घेतली. अहवाल स्वच्छ आला. मी मुलीला ठामपणे सांगितले, ‘त्याला जंत नाहीत.’ तुम्हांला मघाचे वाक्य आठवत असेल. हा जंत माणसात प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही. मग शौचात अंडी दिसणार कशी? मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते, आणि माझ्या ठामपणामुळे बाकीच्यांनीही शोध थांबवला.

त्या वर्षी हनुक्काच्या सहाव्या रात्री दिवे लावून झाले. आमच्या हनुक्कियात शमाश मधोमध असतो. नातू खेळता खेळता उजव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आजी, बघ, आता कडेचे दिवे दिसतात, पण शमाश दिसत नाही.’ त्याला ती जादू वाटत होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर डावा डोळा किंचित बाहेर वळलेला.

पुढचे चार दिवस मी कधी विसरणार नाही, कारण डॉक्टरांना पहिली शंका गाठीची होती. नंतर डोळ्याची सोनोग्राफी झाली, रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी झाली, आणि दृष्टिपटलाच्या मधोमध अळीभोवती जमलेली सूज आहे असे निदान झाले. इओसिनोफिल मात्र वाढलेले नव्हते. डोळ्यात अळी असते तेव्हा पुष्कळदा ते वाढत नाहीत. सूज उतरवण्याची औषधे दिली आणि सूज उतरली. व्रण राहिला. त्या डोळ्याच्या मध्यभागी त्याला आजही दिसत नाही.

जावई त्या रात्री म्हणाले, ‘आई, हे कुत्रे उद्याच दूर सोडून येतो.’ मी गप्प बसले, म्हणजे मान्यच केले. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याने आम्हांला समजावले. मुलाच्या डोळ्यातील अळी कोणाकडेही पसरत नाही. पिल्लाचे जंत काही गोळ्यांनी जातील. परंतु वाळूतील अंडी कुत्रे सोडून दिल्याने जाणार नाहीत. आणि रस्त्यावर सोडलेले कुत्रे दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या वाळूत घाण करील. आम्ही वाळूचा ढीग काढून टाकला, कुत्र्याला औषध दिले आणि ठेवून घेतले. ते गेल्या वर्षी म्हातारपणाने गेले. त्याच्यासाठी सर्वांत जास्त रडला तो हाच नातू.

आता तो सतरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला सैन्याचे त्साव रिशोन आले. वैद्यकीय तपासणीत तो डोळा पुन्हा निघालाच. घरी येऊन मला म्हणाला, ‘आजी, तू ही गोष्ट लोकांना सांग. फक्त माझे नाव घेऊ नकोस.’ म्हणून आज उभी आहे.

दुसरा जंत: मेंढी, कुत्रा आणि पाण्याची गाठ

याचे नाव एकिनोकोकस. कुत्र्याच्या आतड्यातील हा फीतकृमी तांदळाच्या दाण्याहून क्वचितच मोठा, पण चौघांत सर्वांत गंभीर. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी गवताबरोबर मेंढी किंवा बकरी खाते. तिच्या यकृतात आणि फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी होतात. तो अवयव कच्चा कुत्र्याने खाल्ला की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत तयार. माणसाने कुत्र्याची अंडी गिळली तर तो मेंढीच्या जागी येतो. त्याच्या यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात, तीच गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. दहा-दहा वर्षे पत्ता लागत नाही. फुटली तर आतल्या पाण्याने प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते आणि बीजे सर्वत्र पसरून नव्या गाठी होतात.

मुंबईत मी शिकाऊ असताना घाटावरच्या एका मेंढपाळाची अशी गाठ काढताना मी हजर होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी गाठीभोवती औषधात भिजवलेली कापडे अशी रचली होती, जणू भरलेला घडा उचलायचा आहे. एक थेंब सांडू नये म्हणून सगळी खोली श्वास रोखून होती. आज अल्बेंडाझोलसारखी औषधे आहेत, सुईने गाठ रिकामी करण्याची पद्धत आहे, काही गाठींवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पण मार्ग अजूनही लांबचा आहे.

हा रोग भूमध्य समुद्राभोवतालच्या मेंढपाळ प्रदेशांत, मध्यपूर्वेत, मध्य आशियात आणि भारतातही आहे. माझ्या लहानपणी कोकणात आजोबांच्या घरी नवसाचा किंवा लग्नाचा बकरा कापला जाई. हज्जान फुप्फुसे तपासत. त्यांत कधी पाण्याचे पांढरे फुगे दिसत. ते बाजूला काढले जात आणि कुंपणाशी वाट पाहणाऱ्या कुत्र्यांना टाकले जात. आम्ही मुले ते पुण्यकर्म समजून पाहत असू. तोरातही, रानात फाडलेल्या जनावराचे मांस तुम्ही खाऊ नका, कुत्र्याला टाका, अशी आज्ञा आहे. त्या आज्ञेत मुक्या प्राण्याचा वाटा राखला आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण गाठ असलेला अवयव कच्चा देऊ नये. तो नष्ट करावा, आणि कुत्र्याला द्यायचेच तर निरोगी मांस नीट उकळून द्यावे. कुत्र्याचेही भले त्यातच आहे.

या जंताचे घड्याळ वेगळे. अंडी बाहेर पडल्याक्षणीच अपायकारक असतात आणि कुत्र्याच्या अंगावरच्या केसांनाही चिकटतात. म्हणून येथे रोज विष्ठा उचलून भागत नाही. येथे कुत्र्याला काय खाऊ घालतो आणि फीतकृमीचे औषध, म्हणजे प्राझिक्वांटेल, वेळेवर देतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

आशेची गोष्टही सांगते. एकोणिसाव्या शतकात आइसलँड या बेटावर हा रोग घरोघरी होता. १८६३ साली हाराल्ड क्रॅबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेले, कुत्र्यांची आतडी तपासली आणि मग साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. ती घरोघरी फुकट वाटण्यात आली. कुत्र्यांना कच्चे अवयव देऊ नका, गाठी जाळा किंवा पुरा, असे तिच्यात होते. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना औषधे दिली गेली, आणि तो रोग तेथून नाहीसा झाला. लोकांनी वाचले आणि वागले, यातून एक रोग गेला. आपल्या या छोट्या पत्रिकेत माझे शब्द छापले जाणार आहेत, तेव्हा मला क्रॅबेसाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

तिसरा: मांजर आणि गर्भवती स्त्री

टॉक्सोप्लाझ्मा हा कृमी नव्हे, एकपेशीय जीव आहे. पण त्याचे मूळ घर मांजराचे आतडे. गर्भवती स्त्रीला तो प्रथमच, गर्भारपणातच झाला, तर गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून आपल्याकडे सासू म्हणते, ‘आधी ते मांजर बाहेर काढ.’ मी अशा दोन-तीन घरांत रडणाऱ्या सुना पाहिल्या आहेत.

घड्याळ पाहा. मांजराला हा संसर्ग प्रथम होतो, तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून बीजे पडतात. पुढे आयुष्यभर सहसा नाही. आणि पडलेली बीजे अपायकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळूपेटी रोजच्या रोज साफ केली, आणि ती नवऱ्याने केली, तर धोका फार थोडा उरतो. नवराच नसेल घरी, तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये, शक्य तर घरातच ठेवावे, आणि गर्भारपणात रस्त्यावरचे नवे पिल्लू घरी आणू नये. बागेत हातमोजे घालावेत. खरे पाहता, कित्येकांना हा रोग मांजरापासून नव्हे, तर अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून होतो. तेव्हा मांजर काढण्याआधी सुरी आणि फळी धुवा. शंका असेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

चौथे: अनवाणी पाय आणि पिसवा

कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अळी ओलसर, उबदार वाळूत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. कातडीखाली लाल, वळणावळणाची रेघ उमटते, रोज थोडी पुढे सरकते आणि असह्य खाज येते. आपली तरुण मुले सैन्यातून सुटली की गोव्याला, थायलंडला जातात; तेथील किनाऱ्यावरून ती कधी कधी ही रेघ पायावर घेऊन येतात. औषधाने ती बरी होते. किनाऱ्यावर चपला घाला आणि वाळूवर थेट लोळू नका, एवढेच.

तसेच, कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखे काही हलताना दिसले, तर तो पिसवांचा फीतकृमी. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तरच तो त्याला होतो. फारसा अपाय नाही, औषधाने जातो. पण जंत मारून पिसवा ठेवल्या, तर तो परत येतो.

पार्कचा जंत आणि एक गैरसमज

आपल्या देशात पशुवैद्य कुत्र्यांना ‘तोलाअत हापार्क’, म्हणजे पार्कच्या जंताचे इंजेक्शन देतात. तो जंत शेणकिड्यांमार्फत कुत्र्याला होतो आणि त्याच्या अन्ननलिकेत भयंकर गाठी करतो. माणसाला तो होत नाही. कित्येक जण म्हणतात, ‘आम्ही पार्कचे इंजेक्शन दिले आहे, आता सगळे जंत झाले.’ नाही. त्या प्रकारच्या औषधाने फीतकृमी मरत नाहीत. पशुवैद्याला स्पष्ट विचारा, ‘गोलकृमीचे झाले का? फीतकृमीचे झाले का?’ हे दोन प्रश्न.

मग करायचे काय?

लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्यावे.

१. पिल्लू घरी आले की मोठे होण्याची वाट पाहू नका. कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांपर्यंत औषध द्यायचे असते; पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून. दूध पाजणाऱ्या आईलाही त्याच वेळी. मोठ्या कुत्र्याला साधारण वर्षातून चार वेळा. नेमके पशुवैद्य सांगतील.

२. विष्ठा त्याच दिवशी उचला, आपल्या अंगणातलीही आणि रस्त्यावरचीही. टॉक्सोकाराला दोन आठवडे लागतात. आपल्याला दोन मिनिटे.

३. मुलांच्या वाळूच्या हौदावर खेळ संपल्यावर झाकण घाला. रस्त्यावरच्या मांजरांना ती आयती वाळूपेटी वाटते.

४. साबण आणि वाहते पाणी. हाताला लावायची अल्कोहोलची जेल या अंड्यांना मारत नाही. एकोनॉमिका फरशीवर ओतूनही भरवसा नाही. अंड्याचे कवच तिला दाद देत नाही. उकळते पाणी मारते. हातावर मात्र मारण्याचा प्रश्नच नाही; घासून, धुऊन काढून टाकायचे. नखे बारीक ठेवा.

५. पालेभाजी, कोथिंबीर, स्ट्रॉबेरी नीट धुवा. किडे पाहण्यासाठी आपल्या भगिनी पान न् पान उजेडात धरतात, हे मी कौतुकाने पाहते. पण ही अंडी उजेडात दिसत नाहीत. पाहणे आणि धुणे, दोन्ही करा.

६. कुत्र्याला कच्ची कलेजी, कच्चे फोफसे कधीही देऊ नका.

७. मुलाचा एक डोळा वळलेला दिसला, छायाचित्रात एका डोळ्याचे बुबुळ पांढरे दिसले, बरेच दिवस ताप-खोकला-घरघर राहिली, तर डॉक्टरांकडे जा आणि ‘आमच्या घरी पिल्लू आहे’ हे आपणहून सांगा. मूल वाळू किंवा माती खाते का, हेही सांगा. शौचाचा अहवाल स्वच्छ आला म्हणून थांबू नका. अधूनमधून खेळ म्हणून मुलाला एकेक डोळा झाकून पाहायला लावा. लहान मूल एका डोळ्याने दिसत नाही असे कधी सांगत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे चाललेले असते.

८. जंतांची औषधे स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नका, आणि गर्भवतीने तर मुळीच घेऊ नयेत.

नेतिलात यादाईमची आठवण करून संपवते. हातावर पाणी ओतण्याआधी हात स्वच्छ असावेत, नखांखाली मळ नसावा, पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काहीही येऊ नये, असा आपला नियम आहे. आपल्या वाडवडिलांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. ते वेगळ्या कारणासाठी हात धूत होते, पण मुलांना हात धुण्याची सवय लागत होती. आपण तांब्याचे पाणी ओततो आणि त्याआधीचे साबणाचे पाणी विसरतो, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे. तसेच, आपल्या जेवणाआधी आपल्या जनावराला खाऊ घालावे असे आपले ऋषी-रब्बी सांगून गेले. त्या खाऊबरोबर वेळेवर एक गोळीही द्यावी, असे ही म्हातारी परिचारिका जोडते.

कुत्र्याला घाबरू नका, मांजराला हाकलू नका. भीतीने कोणाचा डोळा वाचत नाही. पुढच्या तू बिश्वातला मुले पुन्हा माती खणतील, आणि खणलीच पाहिजे. मी फक्त मलिद्याच्या ताटाआधी नळाशी साबण घेऊन बसेन. कोणी माझ्या जोडीला बसणार असेल, तर आजच नाव द्या.

परमेश्वर आपल्या मुलांचे डोळे आणि आपल्या घरांतील मुके जीव सुखरूप ठेवो. आमेन.